पिकलिंगमध्ये इनहिबिटर असूनही झिंक केलेले हाय-टेन्साइल बोल्ट उशिरा तुटतात: कारण कोठे शोधावे

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. १२.९ श्रेणीचे (खूप उच्च ताणशक्तीचे) बोल्ट, स्प्रिंग वॉशर किंवा सर्क्लिप झिंक प्लेटिंग करून ग्राहकाकडे जातात, जोडणीच्या वेळी टॉर्क व्यवस्थित बसतो, कोणताही भाग हातात तुटत नाही, आणि रात्र उलटून गेल्यावर किंवा दोन-तीन दिवसांनी काही बोल्टांची डोकी निखळून खाली पडलेली सापडतात. परत आलेला लॉट तपासला की हार्डनेस ठीक, प्लेटिंगची जाडी ठीक, टॉर्कही मर्यादेत, असा अहवाल तयार होतो. पिकलिंगच्या टाकीत (म्हणजे गंज व पपडी काढण्याच्या ॲसिडच्या टाकीत) इनहिबिटर, म्हणजे ॲसिडला पोलाद खाऊ न देणारा पदार्थ, घातलेला असल्याचे पुरवठादाराचे प्रमाणपत्र त्याला जोडले जाते, पुढचे काही लॉट सुरळीत निघून जातात, आणि मग तीच तक्रार पुन्हा येते. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींत वाहन उद्योगासाठी जॉबवर्क करणाऱ्या प्लेटिंग शॉपना हा अनुभव नवा नाही.

कठीण पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होते आणि ताणाखाली उशिरा तुटते. तरीही ही तक्रार मिटत नाही याचे माझ्या मते एक मुख्य कारण आहे. इनहिबिटरमुळे पोलाद कमी विरघळते, तेव्हा त्यात हायड्रोजनही कमी शिरत असणार, असे आपण सर्वजण गृहीत धरतो. हे काही इनहिबिटरांच्या बाबतीत खरे आहे, काहींच्या बाबतीत अर्धेच खरे आहे आणि काहींच्या बाबतीत चक्क उलटे आहे. इनहिबिटरचे प्रमाणपत्र वजनातली घट मोजून दिलेले असते. त्यात हायड्रोजनबद्दल एक शब्दही नसतो. म्हणून प्रमाणपत्र बाजूला ठेवून तपासाला सुरुवात करावी.

दोष हायड्रोजनचाच आहे ना, याची आधी खात्री

परत आलेले तुकडे प्रथम जपून ठेवावेत. ते एकमेकांवर घासून जुळवून पाहण्याची सवय फार वाईट आहे, कारण त्यामुळे तुटलेल्या पृष्ठभागावरचा पुरावाच पुसला जातो. तुकडा कोरडा करून दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरावा. हायड्रोजनमुळे तुटलेल्या बोल्टात भेग साधारणतः डोके आणि दांडा यांच्या मधल्या गोलाईपाशी किंवा नटात गुंतलेल्या पहिल्या आट्यात सुरू झालेली दिसते. तिच्या उगमापाशी पृष्ठभाग दाणेदार असतो आणि खडीसाखरेचा खडा फोडल्यावर दिसतात तशा लहान लहान सपाट कडा उजेडात चमकतात. उरलेला भाग मंद राखाडी असतो, कारण भेग वाढत जाऊन शिल्लक छेद भार पेलू शकला नाही तेव्हा तो एकदम फाटलेला असतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हाच दाणेदार भाग कणांच्या सीमांवरून फुटलेला दिसतो. शंका राहिली तर एखाद्या प्रयोगशाळेकडून तेवढे छायाचित्र अवश्य काढून घ्यावे.

याउलट भेगेच्या आत काळपट ऑक्साइड किंवा टेम्परिंगचा रंग दिसला तर ती क्वेंचिंगच्या (तापलेला भाग एकदम थंड करण्याच्या) वेळची भेग आहे, आणि आत झिंक शिरलेले दिसले तर भेग निदान प्लेटिंगच्या आधीची आहे. जास्त टॉर्कने तुटलेला बोल्ट तुटण्याआधी ताणला गेलेला, मानेशी बारीक झालेला असतो. अर्धवर्तुळाकार रेषा एकापुढे एक सरकत गेलेल्या दिसल्या तर दोष थकव्याचा आहे, आणि तसे तुटायला वापराचा काळ जावा लागतो. घट्ट आवळून नुसता ठेवलेला, कंपन नसलेला बोल्ट काही तासांनी किंवा काही दिवसांनी तुटणे, ही हायड्रोजनची सर्वांत बोलकी खूण आहे.

हार्डनेसचा अहवाल "ठीक" असला तरी तो स्वतः पुन्हा वाचावा. १०.९ श्रेणीसाठी ३२० ते ३८० एचव्ही (विकर्स हार्डनेस) आणि १२.९ श्रेणीसाठी ३८५ ते ४३५ एचव्ही या मर्यादा आहेत. म्हणजे १२.९ चा प्रत्येक बोल्ट जवळजवळ जन्मतःच धोक्याच्या पट्ट्यात (३९० एचव्हीच्या वर) असतो, तर १०.९ चा बोल्ट त्या पट्ट्याच्या अलीकडे असतो. १०.९ म्हणून आलेल्या लॉटमधले काही बोल्ट ४०० एचव्हीच्या पुढे गेलेले सापडले तर मूळ दोष हीट ट्रीटमेंटचा आहे. पाच-दहा बोल्टांची सरासरी पाहून हे कळत नाही. एकेका बोल्टाचा आकडा पाहावा लागतो. आणखी एक गोष्ट सहसा कोणी तपासत नाही. तार ओढताना व हेडिंग करताना वापरलेला फॉस्फेटचा थर हीट ट्रीटमेंटपूर्वी काढला नाही, तर भट्टीत त्यातला फॉस्फरस पोलादाच्या पृष्ठभागात शिरतो आणि एक पातळ, ठिसूळ पांढरा थर तयार होतो. १२.९ श्रेणीच्या बोल्टांत हा थर चालत नाही, असे मानक स्पष्ट सांगते. छेद घेऊन, पॉलिश व एच करून मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय तो दिसत नाही.

हायड्रोजन ॲसिडमधूनच यावा असेही नाही. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पुलावर मार्च २०१३ मध्ये घट्ट आवळलेल्या ९६ अँकर रॉडपैकी ३२ रॉड काही दिवसांतच तुटले. हे रॉड गॅल्वनाइझ करण्यापूर्वी ॲसिडमध्ये न घालता ब्लास्टिंगने साफ केलेले होते. ते ज्या भोकांत बसवले होते तेथे पाणी साचून राहिले होते, आणि ताण देण्यापूर्वी ते काही वर्षे तसेच उभे होते. कठीण पोलाद, ओलावा, झिंक आणि मोठा ताण एकत्र आले की गंजण्याच्या क्रियेतूनही पुरेसा हायड्रोजन मिळतो. म्हणून बोल्ट बसवल्यावर काही दिवसांत तुटले की काही महिन्यांनी, आणि ते कोरड्या जागी होते की ओल्या, हे ग्राहकाला विचारून घ्यावे. काही महिन्यांनी, ओल्या जागी तुटलेल्या बोल्टाचा दोष पिकलिंगच्या टाकीत शोधत बसणे व्यर्थ आहे.

इनहिबिटर काय करतो आणि काय करत नाही

१८७५ मध्ये विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निरीक्षण मांडले. लोखंडाची तार काही मिनिटे हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लात ठेवली की ती वाकवताना सहज तुटते, तुटलेल्या टोकाला ओलावा लावला की तेथून बुडबुडे येतात, तार काही काळ तशीच ठेवली तर तिचा चिवटपणा परत येतो, आणि ऊब दिली तर तो लवकर परत येतो. आज आपण ज्याला बेकिंग (प्लेटिंगनंतर भाग ओव्हनमध्ये काही तास तापवणे) म्हणतो त्याचे बीज या शेवटच्या निरीक्षणात आहे.

ॲसिडमध्ये पोलाद विरघळते तेव्हा पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. त्यांतले बहुतेक अणू दोन-दोन मिळून वायू होतात आणि बुडबुड्याच्या रूपाने निघून जातात. थोडे अणू जोडी जमण्यापूर्वीच पोलादाच्या जाळीत शिरतात, कारण सुटा अणू त्या जाळीतून सहज सरकू शकतो, जोडीने बनलेला रेणू शकत नाही. तेव्हा आत शिरणारा हायड्रोजन दोन गोष्टींवर ठरतो: एकूण किती अणू तयार झाले आणि त्यांतले किती जोडी न जमता आत वळले. वजनातली घट मोजणारी चाचणी यांतली पहिलीच गोष्ट पाहते.

अमाइन आणि क्वाटर्नरी अमोनियम क्षार या जातीचे इनहिबिटर उघड्या धातूवर चिकटून बसतात आणि अणू तयार होण्याच्या जागाच अडवतात. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये वापरले जाणारे प्रोपार्जिल अल्कोहोलसारखे ॲसिटिलीन गटातले पदार्थही पृष्ठभागावर घट्ट थर करतात. त्यांच्यामुळे विरघळणे घटते आणि बहुतेक वेळा हायड्रोजनचा शिरकावही घटतो. हेक्सामीन स्वस्त आहे आणि अनेक मिश्रणांत असते, पण गरम आम्लात ते तुटून फॉर्माल्डिहाइड आणि अमोनियम तयार होते, त्यामुळे गरम टाकीत त्याचा भरवसा धरू नये.

थायोयुरिया आणि त्याच्यापासून बनवलेल्या गंधकयुक्त इनहिबिटरांची गोष्ट वेगळी आहे. ते विरघळणे उत्तम थांबवतात, वजनाच्या चाचणीत त्यांचा आकडा देखणा येतो, आणि म्हणूनच ते खपतात. पण आम्लात, विशेषतः गरम आम्लात, ते हळूहळू विघटित होऊन सल्फाइड सोडू शकतात, आणि सल्फाइड हा अणूंची जोडी जमू न देणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे. जोडी जमली नाही की अणू पृष्ठभागावर साचतात आणि आत जाण्याचे प्रमाण वाढते. अशा वेळी तयार होणारे अणू कमी असले तरी आत जाणारे जास्त होऊ शकतात. आर्सेनिक, अँटिमनी, फॉस्फरस, सेलेनियम आणि टेल्युरियम यांचाही हाच दोष आहे. गंजाचे नमुने साफ करण्यासाठी प्रयोगशाळेत वापरले जाणारे अँटिमनी ऑक्साइडचे द्रावण काही जण बोल्टांवर वापरून पाहतात, कारण त्यात पोलादाला जवळजवळ धक्का लागत नाही. उच्च ताणशक्तीच्या भागांवर ते कधीही वापरू नये.

म्हणून पुरवठादाराला विचारण्याचा पहिला प्रश्न कार्यक्षमतेच्या टक्क्यांचा नसावा. इनहिबिटरमध्ये गंधक आहे का, आणि १२.९ श्रेणीच्या किंवा स्प्रिंग स्टीलच्या भागांवर हायड्रोजनची चाचणी केली आहे का, हे त्याला लेखी विचारावे. खाचा पाडलेल्या कठीण पोलादाच्या दांड्यांवर २०० तास स्थिर भार ठेवून पाहण्याची एएसटीएम एफ ५१९ ही चाचणी त्यासाठी उपलब्ध आहे. उत्तर टाळले गेले तर तो इनहिबिटर साध्या पोलादासाठी ठेवावा आणि कठीण भागांसाठी दुसरा घ्यावा.

शॉपमध्ये करण्याजोगी एक तुलना मी नेहमी सुचवतो. एकाच गुंडाळीतली स्प्रिंगची बारीक तार घेऊन तिचे सारख्या लांबीचे तुकडे करावेत, काही तुकडे तसेच ठेवावेत, काही साध्या ॲसिडमध्ये आणि काही इनहिबिटर घातलेल्या ॲसिडमध्ये तितकाच वेळ बुडवावेत, आणि लगेच धुऊन प्रत्येक तुकडा ठरावीक त्रिज्येवर सावकाश उलटसुलट वाकवून किती वेळा वाकल्यावर तुटतो ते मोजावे. इनहिबिटरमधली तार साध्या ॲसिडमधल्या तारेपेक्षा लवकर तुटली, तर वजनाचा आकडा काहीही असो, तो इनहिबिटर कठीण भागांसाठी नाही. येथे "सावकाश" हा शब्द महत्त्वाचा आहे. हायड्रोजनला ताणाच्या जागी सरकून गोळा व्हायला वेळ लागतो. हातोडीचा फटका मारून ठिसूळपणा तपासण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण फटक्याच्या वेगात हा दोष उघडच होत नाही आणि खराब लॉटही उत्तीर्ण होतो.

टाकीजवळ उभे राहून पाहण्याच्या गोष्टी

कागदावर पिकलिंगची वेळ आठ मिनिटे लिहिलेली असते. प्रत्यक्षात बॅरल (बोल्ट भरून टाकीत सोडायचे पिंप) ॲसिडमध्ये किती वेळ असते, हे एक पूर्ण शिफ्ट टाकीजवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही. जेवणाची सुट्टी होते तेव्हा पुढच्या टाकीत जागा नसलेले बॅरल ॲसिडमध्येच लटकत राहते. क्रेन दुसऱ्या लाइनवर अडकते. बॅरलमध्ये वजन जास्त भरलेले असते म्हणून मध्यभागी असलेल्या बोल्टांवरची हीट ट्रीटमेंटमधली काळी ऑक्साइडची पपडी निघत नाही, आणि ती निघावी म्हणून सगळेच बोल्ट आणखी दहा मिनिटे ठेवले जातात. पपडी आहे तोवर ॲसिड तिच्याशी लढत असते. ती निघून उघडे पोलाद ॲसिडसमोर आले की हायड्रोजन शिरण्याचा खरा वेग सुरू होतो. ही जादा मिनिटे बहुतेक उघड्या पोलादावरची असतात, म्हणूनच ती सर्वांत महाग पडतात.

येथेच इनहिबिटरचा अतिरेक उलटतो. भीतीपोटी दुप्पट डोस घातला की पपडी सुटायला वेळ लागतो. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये हा परिणाम जास्त दिसतो, कारण तेथे ॲसिड पपडीच्या भेगांतून आत जाते आणि खाली तयार होणारा वायू पपडीला उचलून फेकतो; तो वायूच दाबून टाकला तर पपडी जागची हलत नाही. ऑपरेटर साहजिकच वेळ वाढवतो. शिवाय जादा इनहिबिटरचा सेंद्रिय थर नीट धुतला गेला नाही तर झिंक नीट धरत नाही, ठिकठिकाणी फोड येतात, आणि तो माल रीवर्कसाठी पुन्हा ॲसिडमध्ये येतो. डोस पुरवठादाराने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवावा आणि त्याची बेरीज ॲसिडच्या भरपाईशी जोडावी. आठवड्याला ॲसिड वाढवले जाते पण इनहिबिटर टाकी नवी भरतानाच घातला जातो, असे चित्र अनेक ठिकाणी असते. तो दर बॅरलबरोबर बाहेर वाहून जात असतो, हे लक्षात घेतले जात नाही.

विरघळलेल्या लोखंडाचे प्रमाण आठवड्यातून एकदा तरी टायट्रेशनने मोजावे. बाजारात मिळणारे ३० ते ३३ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक ॲसिड तितक्याच पाण्यात ओतून १५ ते १८ टक्क्यांची टाकी करतात. लोखंड लिटरला १०० ग्रॅमच्या पुढे गेले की टाकी थकते आणि वेळ वाढतो. फेरिक लोखंडाकडे वेगळे लक्ष द्यावे. गंजलेले भाग टाकीत येत राहिले की ते वाढते, आणि फेरिक लोखंड पोलादावर थेट हल्ला करते. या हल्ल्यातून हायड्रोजन निघत नाही हे खरे, पण साधे इनहिबिटर त्याला अडवू शकत नाहीत. पृष्ठभाग खडबडीत होतो, बारीक खड्डे पडतात, आणि त्याच खड्ड्यांतून नंतर ताणाखाली भेग सुरू होते. वजनाची घट अचानक वाढली म्हणून इनहिबिटर बदलण्यापूर्वी फेरिकचे प्रमाण पाहावे.

पावसाळ्यात तक्रारी वाढत असतील तर हीट ट्रीटमेंटहून आलेले क्रेट किती दिवस आवारात उभे राहतात ते पाहावे. तेल नीट न लावलेले बोल्ट जुलै महिन्याच्या दमट हवेत दोन दिवसांत तांबूस होतात, आणि त्या गंजासाठी ॲसिडची वेळ वाढवली जाते. एकाच कार्डवर एकाच लॉटची वेळ जून आणि जानेवारीत वेगळी असेल, तर तक्रारीचे ऋतुमान तेथूनच आलेले असते.

ॲसिडच्या आधीचा इलेक्ट्रोक्लीनर (विजेने सफाई करणारी टाकी) हा सर्वांत सहज दुर्लक्षिला जाणारा स्रोत आहे. भाग कॅथोडवर (ऋण टोकावर) ठेवून साफ केला तर त्याच्यावर भरपूर हायड्रोजन निघतो, आणि त्यासाठी ॲसिडची गरजच नसते. कठीण भाग नेहमी ॲनोडवर (धन टोकावर) साफ करावेत. रेक्टिफायरची जोडणी कोणी दुरुस्तीच्या वेळी उलटी केली आहे का, हे मीटरने तपासावे. स्विचवरच्या लेबलवर विश्वास ठेवू नये.

लॉट विभागून स्रोत ओळखणे

टाकीजवळचे निरीक्षण झाले की अंदाजांवर न थांबता एक लॉट विभागावा. पोलादाच्या एकाच हीटचे (एकाच ओतीचे), एकाच हीट ट्रीटमेंटचे बोल्ट घेऊन पहिल्या गटाला फक्त पिकलिंग करावे. दुसऱ्या गटाला ॲसिड न लावता शॉट ब्लास्ट करून प्लेटिंग करावे आणि बेकिंग करू नये. तिसऱ्या गटाला नेहमीचे पिकलिंग, प्लेटिंग व बेकिंग करावे, आणि चौथ्याला पिकलिंग व प्लेटिंग करून बेकिंग टाळावे. प्रत्येक गटातले बोल्ट कठीण प्लेटमध्ये उच्च भाराला आवळून ठेवावेत. आयएसओ १५३३० मधली पद्धत यासाठीच आहे, तिच्यात भार निदान ४८ तास ठेवतात. ठेवण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी टॉर्क तपासावा, आणि हे काम प्रक्रियेनंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावे, कारण काही दिवस ठेवलेल्या बोल्टांत हायड्रोजनची मांडणी बदललेली असते.

पहिल्या गटातच तुटातूट झाली तर ॲसिड आणि इनहिबिटर यांच्याकडे वळावे. पहिला टिकून दुसरा गट तुटला तर ॲसिड निर्दोष आहे आणि प्लेटिंगकडे पाहावे लागेल: सायनाइड व अल्कलाइन झिंकच्या टाकीत विजेचा बराचसा भाग झिंकऐवजी हायड्रोजन तयार करण्यात जातो, आणि करंट जास्त ठेवला की तो आणखी वाढतो. चौथा तुटतो पण तिसरा टिकतो, असे असेल तर बेकिंगमुळे सध्या बचाव होत आहे, मात्र तो किती काठावरचा आहे हे कळलेले नाही. सर्व गट टिकले, तर तक्रारीच्या लॉटमध्ये काहीतरी वेगळे घडले होते, आणि त्या दिवसाच्या नोंदींकडे परत जावे लागेल.

बेकिंग: आकडे ओव्हनचे असतात, भागांचे नसतात

बेकिंगबद्दल मानके स्पष्ट आहेत. प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत, १९० ते २२० अंश सेल्सिअसला, ताणशक्तीनुसार ८ ते २४ तास. बेकिंगचे तापमान भागाच्या टेम्परिंगच्या तापमानाखाली. आणि पॅसिव्हेशन (झिंकवर क्रोमेटचा थर देणे) बेकिंगनंतर, कारण क्रोमेटचा थर एवढ्या उष्णतेत टिकत नाही. बोल्टांच्या बाबतीत आयएसओ ४०४२ हे मानक ३९० एचव्हीपाशी रेषा आखते. त्यापेक्षा कठीण भागांना बेकिंग द्यावे लागते. स्प्रिंग वॉशर आणि सर्क्लिप तर त्या रेषेच्या बरेच वर असतात.

चार तासांची अट पाळली जात नाही ती बहुधा सुट्टीमुळे. पुण्याच्या औद्योगिक भागात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, आणि बुधवारी संध्याकाळी प्लेटिंग झालेला माल ओव्हन रिकामा नाही म्हणून शुक्रवारी सकाळी ओव्हनमध्ये जातो. या काळात वॉशर किंवा वाकवलेल्या क्लिपच्या आतल्या ताणामुळे सूक्ष्म भेगा सुरू झालेल्या असू शकतात. बेकिंग हायड्रोजनला हलवते. उघडलेली भेग ते जोडू शकत नाही. म्हणून "उशिरा का होईना, बेकिंग केले" या नोंदीला फारसा अर्थ नाही. तक्रारीचे लॉट कोणत्या वारी प्लेटिंग झाले होते, हे एकदा कॅलेंडरशी ताडून पाहावे.

दुसरी गफलत तापमानाची असते. ओव्हनचा चार्ट आतल्या हवेचे तापमान दाखवतो. खोल टोपलीत पन्नास किलो बोल्ट ओतले असतील तर मधल्या बोल्टाला २०० अंश गाठायला बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बेकिंगमधून वजा होतो. थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारेचे) टोक टोपलीच्या मध्यभागी खोचून एकदा तरी मोजावे, आणि वेळ तेथून धरावा. उथळ ट्रे वापरले तर फरक स्पष्ट दिसतो.

झिंकचा दाट, चकचकीत थर हायड्रोजनला बाहेर पडताना अडवतो, ही बेकिंगची मूळ मर्यादा आहे. बेकिंगने सगळा हायड्रोजन बाहेर जातो असे समजू नये. काही अणू पोलादाच्या आतच निरुपद्रवी जागी अडकून पडतात आणि धोका उतरतो. म्हणून आत जाणारा हायड्रोजन मुळातच कमी ठेवणे, हे ओव्हनच्या तासांपेक्षा मोलाचे आहे. १२.९ श्रेणीच्या भागांना ॲसिडमध्ये घालण्याची सवयच मोडावी, असे माझे ठाम मत आहे. हीट ट्रीटमेंटनंतर पपडी कमी राहावी म्हणून भट्टीतले वातावरण नियंत्रित ठेवणे, ब्लास्टिंगने सफाई करणे आणि ॲसिड फक्त काही सेकंदांच्या सक्रियतेपुरते वापरणे हा मार्ग बहुतेक शॉपना जमतो. ग्राहक तयार असेल तर इलेक्ट्रोप्लेटिंग सोडून झिंक फ्लेकचे (झिंकच्या बारीक पापुद्र्यांचे) लेपन घ्यावे. त्यात भागावर विजेने हायड्रोजन निघण्याचा प्रश्न येत नाही, मात्र लेपनापूर्वीची सफाई ब्लास्टिंगनेच झाली पाहिजे. झिंक फ्लेकच्या आधी ॲसिड पिकलिंग केले तर निम्मा फायदा तेथेच जातो.

रीवर्क

शेवटी तो स्रोत, जो कोणत्याही प्रोसेस कार्डवर नसतो. प्लेटिंगमध्ये डाग पडले, जाडी कमी आली किंवा रंग जुळला नाही की झिंक हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उतरवून भाग पुन्हा लाइनवर टाकले जातात. झिंक विरघळताना बराचसा हायड्रोजन शेजारच्या उघड्या पडलेल्या पोलादावर निघतो, आणि तो अगदी थोड्या मिनिटांत भरपूर निघतो. पिकलिंगचा इनहिबिटर त्या टाकीत सहसा नसतोच. मग तेच भाग पुन्हा पिकलिंगमधून, पुन्हा प्लेटिंगमधून जातात, आणि कागदावर मात्र एकच बेकिंग असते. असा एका बॅरलचा माल चांगल्या लॉटमध्ये मिसळला गेला की तक्रारीतले बोल्ट "शंभरात एखादा" असे येतात, आणि सगळा लॉट तपासूनही काही सापडत नाही.

३९० एचव्हीच्या वरच्या भागांचे रीवर्क ॲसिडमध्ये करू नये, असा नियम लेखी असावा. काही कारणाने झिंक उतरवावेच लागले, तर ते उतरल्यावर आणि नवे प्लेटिंग करण्यापूर्वी एक पूर्ण बेकिंग द्यावे, पुन्हा प्लेटिंगनंतर दुसरे द्यावे, रीवर्क केलेला माल वेगळ्या क्रमांकाने ठेवावा आणि त्यातले बोल्ट ४८ तासांच्या भाराला लावल्याशिवाय सोडू नयेत. प्रत्येक बॅरलबरोबर फिरणाऱ्या कार्डवर ॲसिडमध्ये जाण्याची वेळ, ॲसिडमधून निघण्याची वेळ, प्लेटिंग संपल्याची वेळ आणि ओव्हनमध्ये टोपलीच्या मध्यभागी तापमान गाठल्याची वेळ असे चार रकाने असावेत, आणि ते ऑपरेटरने घड्याळ पाहून जागच्या जागी भरावेत. शिफ्ट संपताना सुपरवायझरने एका हाताने भरलेली कार्डे तपासाच्या कामाची नसतात.